लाल कानटोपी आणि डोंगरावरचा टर्की

आधीच सांगून ठेवतो. मी काहीही सांगायला लागलो की आमच्या घरात दहातले सात वजा करतात आणि उरलेल्या तिनांवर विश्वास ठेवतात. वाचणाऱ्यानेही तसंच करावं, माझी हरकत नाही. फक्त शेवटच्या सकाळचं वजा करू नका. तेव्हा मी फार थकलेलो होतो, आणि खोटं बोलायला माणूस ताजातवाना लागतो.

जर्मनीत, येनाला येऊन मला तेरा वर्षं झाली. मी भिंगं तपासतो. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून काचेवर ओरखडा शोधायचा. सापडला नाही तर पुन्हा शोधायचा, सापडला तर तीन पानी फॉर्म भरायचा. संध्याकाळी घरी आलो की बायकोच्या चेहऱ्यावरही आधी ओरखडाच शोधतो, असं तिचं म्हणणं. गेल्या वर्षी तर असा थकवा अंगात मुरला होता, की रविवारी दुपारी झोपून उठल्यावर, झोपण्याच्या श्रमाने दमलो म्हणून परत आडवा व्हायचो. यातलं काहीही वजा करू नका.

घर भाड्याचं, डोंगराच्या उतारावर. वर आम्ही, खाली घरमालक. वय ऐंशीच्या घरात, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, उंची इतकी की दारातून वाकून यावं लागे. आमच्यात त्यांचं नाव 'खालचे आजोबा'. ते मला 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणत, कारण मी इथे पीएचडी केली आणि दाराच्या पाटीवर ते लिहायचा मोह मला आवरला नाही.

आजोबा शिकारी. साठ वर्षांचे शिकारी. शहरापासून तासाभरावर, थुरिंगियाच्या डोंगरात एक रान त्यांनी शिकारीसाठी भाड्याने घेतलेलं. एका शरद ऋतूत अंगणातल्या बाकावर बसून ते रानडुकरांच्या गोष्टी सांगत होते. मला ऐकत बसणं कधीच जमलेलं नाही. मी म्हणालो, "माझे आजोबासुद्धा सह्याद्रीत शिकार करायचे. नुसत्या वासावरून डुकराचं वय सांगायचे. महिन्यांसकट."

माझे आजोबा पोस्टात होते, आणि भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढून आजीला हाका मारायचे.

आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. नाकच मुख्य." त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी शिकाऱ्याच्या घराण्यातला झालो. जर्मन माणसाची हीच अडचण आहे. तो तुमचं खरं मानतो, आणि मग जन्मभर तुम्हाला त्याला जागावं लागतं.

त्यांच्या त्या रानात टर्की पक्षी होते. जर्मनीत रानटर्की पाहिला म्हणणारा माणूस बहुधा माझ्याच पंथाचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण फार पूर्वी पलीकडच्या खोऱ्यात कुणीतरी हौसेने पाळलेले होते. वादळात स्प्रूसचं एक झाड कुंपणावर कोसळलं आणि पाखरं डोंगरात पळाली. कोल्ह्यांनी आणि हिवाळ्यांनी खाऊन आता एक जुना नर आणि तीन माद्या उरल्या होत्या. म्हाताऱ्याला तो नर हवा होता. तीन वसंत ऋतू त्याने त्यांना हुलकावणी दिली होती. नराची शिकार मार्चच्या मध्यापासून करता येते, आणि म्हाताऱ्यांचा शिकारीचा परवाना मार्चअखेर संपणार होता. म्हणजे हातात पंधरा दिवस.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचा मला फोन आला. ती हायडेलबर्गला शिक्षिका आहे, आणि शिक्षिकेसारखीच बोलते.

"हेर डॉक्टर, वडिलांना दिसतं का?"

मी म्हणालो, "काय?"

"काहीही. ते म्हणतात, दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नाहीत. परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद टेबलावर पडलेत. तुम्ही भिंगं तपासता ना? तुम्ही त्यांच्याबरोबर रानात जा आणि मला खरं सांगा. दिसतं म्हणालात तर मी गप्प बसेन. नाही म्हणालात तर बंदुकीचं कपाट रिकामं होईल."

आता बघा. उभ्या येनात हजारो माणसं खरं बोलणारी असताना या बाईने साक्षीदार म्हणून मला निवडलं.

तशी शंका मला होतीच. जिन्यात टांगलेल्या माझ्या रेनकोटला आजोबांनी दोनदा "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हटलं होतं, आणि रेनकोट उत्तर देत नाही म्हणून 'डॉक्टर हल्ली तुटक वागतात' अशी तक्रार माझ्या बायकोकडे केली होती. पण मी ते मनावर घेतलं नाही. म्हातारा म्हणाला, "जिन्यात उजेड कमी आहे," आणि मी तिथे जास्त उजेडाचा दिवा लावला. आमच्या धंद्यात याला दुरुस्ती म्हणतात.

माझी गेल्या वर्षीची दहा दिवसांची रजा शिल्लक होती, ती मार्चअखेरपर्यंत घेतली नाही तर बुडणार होती. लोक अशा रजेत मायोर्काला समुद्रावर जातात. मी पहाटे सव्वाचारला गाडीत म्हातारा, त्याची बंदूक आणि कॉफीचा थर्मास घालून डोंगरात जायला लागलो.

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या कट्टर शाकाहारी. अंड्याचा फोटो असलेलं पाकीटसुद्धा फ्रिजमध्ये चालत नाही. त्यांना मी सांगितलं, "पक्षी मोजायला जातो."

"एवढ्या थंडीत? अहो, पक्षी काय पळून जातायत?"

"पळूनच जातात. म्हणूनच मोजावे लागतात."

त्यांनी दोन दिवस बसून मला कानटोपी विणली. इथल्या दुकानात लोकरीचे उरलेसुरले गुंडे मिळाले ते लाल, पांढरे आणि निळे. वरचा भाग रक्तासारखा लाल, कपाळावर पांढरा पट्टा, गळ्याशी निळी झालर. मी पंचेचाळीस वर्षांचा, पीएचडी झालेला माणूस. पण सासूबाईंनी विणलेली टोपी जावयाने घालायची नाही, असा कायदा अजून व्हायचा आहे. सव्वाचारला त्या शाल पांघरून दारात उभ्या राहायच्या, गाठ नीट बसली का बघायच्या, आणि मग मी जिना उतरून गाडीत बसलो की टोपी काढून खिशात कोंबायचो.

पहिले तीन दिवस आम्ही खालच्या बाजूला बसलो. टर्की कसा सापडतो ते मी त्या दहा दिवसांत शिकलो, आणि सांगायला हरकत नाही, म्हाताऱ्यापेक्षा चांगलं शिकलो. बरं, तेवढंच शिकलो. पाखरू रात्री झाडावर झोपतं. आमचा नर धारेच्या थोडा खाली, वारा न लागणाऱ्या अंगाला, एका जुन्या स्प्रूसवर झोपायचा. खोऱ्यातल्या चर्चची सहाची घंटा झाली की तो तिला उत्तर द्यायचा. रिकाम्या हंड्यात कुणी मूठभर गोट्या गरगर फिरवाव्यात तसा आवाज. घंटा थांबली तरी तो थांबायचा नाही, शेवटचा शब्द त्याचाच हवा. हा स्वभाव माझ्या ओळखीचा होता.

आजोबांकडे एक लाकडी डबी होती. तिचं झाकण कडेवर घासलं की मादीची हाक निघते. त्यांची बोटं थरथरायची म्हणून डबी माझ्याकडे आली. मी ती बाथरूममध्ये बसून घासायचो. सासूबाईंनी बायकोला विचारलं, "अगं, नळ बिघडलाय का तुमचा? किती केविलवाणा रडतोय."

रानात मात्र नळ लागू पडला. नराने लगेच उत्तर दिलं. पण खाली एक पाऊल आला नाही. तीन दिवस तो वरून ओरडतोय, मी खालून घासतोय, आणि म्हातारा बीचच्या झाडाच्या बुंध्याला टेकून बंदूक मांडीवर घेऊन बसलाय. चौथ्या दिवशी मी पाचोळ्यातल्या खुणा बघत फिरलो. टर्की पाय मागे ओढून पाला उकरतो, तेव्हा उकरलेल्या जागेच्या आकारावरून तो कुठल्या दिशेने गेला ते कळतं. नराची विष्ठा काठीसारखी, टोकाला वाकलेली, मादीची गोल वेटोळी. मी गुडघ्यांवर बसून ती काडीने उलटसुलट करत होतो, आणि मनात आलं, आईने इंजिनिअरिंगला घातलं ते यासाठी.

पण कळलं. सगळ्या खुणा वर जात होत्या. तो झाडावरून समोरच्या चढावर उतरायचा आणि चालत वरच्या मोकळ्या जागेकडे जायचा, कारण सकाळचं पहिलं ऊन तिथे पडायचं. तिथल्या धुळीत त्याने पिसारा फुलवून पंखांची टोकं ओढल्याच्या दोन समांतर रेघाही होत्या. खाली उतरणं त्याला मंजूर नव्हतं. हवं तर माद्यांनी वर यावं. म्हणजे आपण त्याच्या वर बसायला हवं होतं.

"तुमच्या आजोबांनी शिकवलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ते हसले नाहीत, पण थर्मासच्या झाकणात कॉफी ओतताना अर्धी माझ्या बुटावर ओतली आणि म्हणाले, "अजून अंधार आहे." सव्वासात वाजले होते. माझ्या बुटावर कॉफीची वाफ स्वच्छ दिसत होती.

तेव्हाच मी हायडेलबर्गला फोन करायला हवा होता. केला नाही. म्हटलं, एकदा त्यांना तो नर मिळू दे, मग सांगू. खरं म्हणजे मी दमलो होतो, आणि दमलेल्या माणसाला निर्णय घेण्यापेक्षा चार वाजता उठणं सोपं जातं.

शेवटचा शनिवार. परवान्याचे मोजून दोन-तीन दिवस उरलेले. रात्री पुन्हा बर्फ पडलं होतं आणि थंडी अशी, की शब्द तोंडातून निघाल्यावर जमिनीवर पडल्याचा आवाज येत होता. दहातले सात वजा करा, तरी कान दुखत होते. गाडीतून उतरल्यावर मी टोपी खिशातून काढली आणि घातली. वर जाकिटाची हिरवी टोपडी ओढली. खालचं लाल काही दिसत नव्हतं, म्हटलं चालेल.

आम्ही मोकळ्या जागेच्या वरच्या कडेला बसलो. वर चढताना म्हातारा चार वेळा थांबला. बंदूक दोन नळ्यांची, त्यांच्या वडिलांची. त्यांनी दोन्ही काडतुसं भरली, पाठ बुंध्याला टेकली आणि म्हणाले, "डॉक्टर, आज तुम्ही माझे डोळे."

मला वाटलं, ही बोलायची पद्धत आहे.

घंटा झाली. नराने उत्तर दिलं. मग पंखांची जड फडफड, आणि मग काही नाही. अर्धा तास गेला. आजोबा कुजबुजले, "धारेच्या पलीकडे बघून या. सरपटत."

मी चाळीस पावलं सरपटत गेलो. भिंगवाल्याचे गुडघे यासाठी बनवलेले नसतात. पलीकडे काहीच नव्हतं. परत फिरलो तेव्हा मधे कोवळ्या बीचची झुडपं होती. गेल्या वर्षीची तपकिरी पानं त्यांच्यावर अजून तशीच. त्यात शिरताना जाकिटाची टोपडी फांदीला अडकून मागे पडली. मी लक्ष दिलं नाही. उलट मला हुशारी सुचली. इथूनच एकदा डबी घासावी, पाखरू जवळ असेल तर बोलेल. मी घासली. मग डोकं खाली-वर करत, चार पायांवर, झुडपातून पुढे निघालो.

समोर वीस पावलांवर म्हातारा उठून बसला होता. बंदूक खांद्याला. दोन काळी भोकं सरळ माझ्याकडे.

आयुष्यात मला शब्द कधी कमी पडले नाहीत. लग्नाच्या बोलण्यांत माझ्या वडिलांना गप्प बसवून मीच बोललो होतो. त्या वेळी मात्र जर्मन गेलं, इंग्रजी गेलं, आणि तोंडातून निघालं ते सासऱ्यांना म्हणावं तसं, हळू आवाजात: "अहो, मी आहे. मी आहे, अहो."

बंदूक लगेच खाली आली नाही. किती वेळ ते सांगत नाही, कारण माझ्या आकड्यांवर कुणाचा विश्वास नाही. मग नळ्या हळूहळू जमिनीकडे झुकल्या.

"आल्झो," म्हातारा म्हणाला. म्हणजे 'असं तर'. एवढंच.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी बंदूक मधोमध मोडून उघडली, दोन्ही काडतुसं काढली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"मला लाल दिसलं," ते म्हणाले. "लाल, पांढरं, निळं. हलत होतं. नराचं डोकं असंच असतं. चेहरा नव्हता तिथे. मधोमध काहीच नसतं हल्ली. कडेचं तेवढं दिसतं."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे."

मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सांगायला हवं होतं की चूक माझी, ही सासूबाईंची टोपी, रानात कुणी असलं काही घालतं का. मी बोलायला तोंड उघडलं.

"नको," म्हातारा म्हणाला. "टोपीचं नाही ते."

आम्ही बुंध्याला टेकून शेजारी शेजारी बसलो. तो माणूस अचानक त्याच्या वयाचा दिसायला लागला. आणि मग खालून एक आवाज आला. घुमल्यासारखा, विजेच्या खांबाखाली उभं राहिल्यावर येतो तसा, कानापेक्षा छातीला जास्त कळणारा. म्हाताऱ्याने माझा दंड धरला.

"जवळ आहे," ते पुटपुटले. "बघा. सांगा मला. तुमच्या आजोबांसारखं नको, डॉक्टर. जसा असेल तसा सांगा."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी सांगितलं. बारा पावलांवर होता, बारा म्हणजे बाराच. पिसारा फुलवलेला, पण डाव्या बाजूची दोन पिसं तुटलेली. पाठीवर तांब्यासारखा रंग, ऊन पडलं की हिरवा. छातीवर केसांचा झुबका, जमिनीला टेकेल इतका लांब, टोकाला बर्फाचे मणी. डोकं आधी निळसर, मग रागाने लाल होत गेलं. एक पाय किंचित ओढत होता. कुठे गेली ती दुसरी लाल टोपीवाली, किंवा टोपीवाला, म्हणून इकडेतिकडे बघत होता. मोठा नव्हता. मी पाहिलेल्या गोष्टींत सगळ्यात मोठा असं मला म्हणायचं होतं, पण तो मोठा नव्हता. म्हातारा पक्षी होता.

"पाय कुठला ओढतो?"

"उजवा."

"तोच," ते म्हणाले. "त्याला कोल्ह्याने धरलं होतं. तेव्हा मला दिसत होतं."

पाव तास मी बोलत होतो, हळू, आणि एकही शब्द वाढवला नाही. इतकं दमवणारं काम मी जन्मात केलेलं नाही. मग तो वळला आणि धारेवरून चढत गेला. म्हाताऱ्याने पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत माझा दंड सोडला नाही.

शिकार मिळाली की इथे झाडाची छोटी डहाळी तोडून शिकाऱ्याला देतात, ती तो टोपीत खोचतो. आजोबांनी चाचपून स्प्रूसची एक डहाळी तोडली आणि माझ्यापुढे धरली. मी हसत म्हणालो, "मी काय मारलं?" त्यांनी डहाळी तशीच पुढे धरून ठेवली. म्हणून मी कानटोपी घातली आणि डहाळी त्या पांढऱ्या पट्ट्यात खोचली.

गाडीत त्यांनी मला मुलीचा नंबर लावायला सांगितलं आणि स्वतःच बोलले. "कपाट रिकामं करू. हो, मीच म्हणतो. नाही, काही झालं नाही. हो, हो. टर्की आला होता." मग फोन माझ्याकडे दिला.

"हेर डॉक्टर," ती म्हणाली, "खरं सांगा. काय झालं?"

दहा दिवस मी या प्रश्नाची तयारी केली होती. तीन उत्तरं तयार होती, एकाहून एक सुरेख. म्हातारा खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे खिडकीच्या दिशेने.

"टर्की बारा पावलांवर आला," मी म्हणालो. "तुमच्या वडिलांच्या बंदुकीत काडतूस नव्हतं. त्यांनीच काढलं होतं. आम्ही पाव तास बसून त्याला बघितलं."

"बघितलं?" तिने विचारलं.

"त्यांना दिसत नाही," मी म्हणालो. "मी सांगितलं, त्यांनी ऐकलं."

सगळं खरं होतं. एक वाक्य फक्त मी गाळलं, आणि म्हातारा शेजारी बसून ते गाळलेलं वाक्य ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही काडतुसं खिशातून काढून गाडीच्या कॉफी ठेवायच्या खाचेत उभी केली. घरापर्यंत ती एकमेकांवर किणकिणत होती.

दारात सासूबाई होत्या. "किती मोजले?"

"एक."

"एवढ्यासाठी दहा दिवस?" त्यांनी माझं डोकं न्याहाळलं. "आणि हे काय खोचलंय? नवीन टोपीला भोक पाडलंत की काय?"

मी जिन्याच्या पायरीवर बसलो, बुटाचे बंद सोडत सांगायला सुरुवात केली, की वर डोंगरात एक एवढा मोठा पक्षी. हात पसरले. मग ते तसेच गुडघ्यांवर पडले. "नाही," मी म्हणालो, "तेवढा मोठा नव्हता."

सासूबाईंनी वाकून डहाळी हलक्या हाताने काढली, पट्ट्याची वीण सैल झाली का बघितली, आणि डहाळी परत होती तिथे खोचली. "झोपा आता," म्हणाल्या. खाली आजोबांचं दार उघडलं. जिन्यातल्या रेनकोटला त्यांनी काही म्हटलं नाही. मला म्हणाले, "मॉर्गन, हेर डॉक्टर," आणि मी इतका थकलो होतो की उत्तर द्यायला मलाच वेळ लागला.